शून्य उजवीकडे

वानाद्झोर, ब्याण्णवचा हिवाळा.
वीज दिवसाला तासभर, तीही कधी ते न सांगता.
दुकानात पत्र्याची शेगडी, तिच्यात कोणाच्या तरी घरची फरशीची लाकडं.
मी, नाझेली, सोळा वर्षांची, सेरोब वार्पेतच्या हाताखाली.
(वार्पेत आम्ही त्याला म्हणतो, ज्याच्या बोटांना काम ओळखतं.)

पहिल्याच दिवशी त्याने एक मीटर उघडून पुढ्यात ठेवला.
नालेसारखं चुंबक,
त्याच्या कवेत तांब्याच्या तारेची चौकट,
तार इतकी बारीक की माझाच केस समजून मी फुंकर मारली,
आणि तो ओरडला.

मग शांतपणे म्हणाला:
वीज वाहिली की ही चौकटही घडीभर चुंबक होते,
थोरल्याशी भांडते, वळते.
ही कमान बघ, घड्याळातल्यासारखी. ती तिला मागे ओढते.
दोघींचा जोर सारखा झाला की सुई थांबते.
आकडा म्हणजे काय गं?
बरोबरीत सुटलेलं भांडण.

अँपिअर मोजायचे तर वाटेतच उभं राहावं लागतं,
सगळा प्रवाह अंगावरून जातो,
म्हणून शेजारी एक जाड पट्टी जोडायची,
गर्दी तिच्यातून जाईल, आपल्या वाट्याला चिमूटभर.
व्होल्ट मोजायचे तर कडेला उभं राहायचं,
दोन टोकांना हात लावून,
अंगात एवढा रोध बाळगून
की ज्याचं मोजतोय त्याचं फारसं पिऊन टाकू नये.
"थोडं तरी पितोच," वार्पेत म्हणाला.
"मोजणारा फुकट मोजत नाही."

भिंतीवर व्होल्टमीटर होता, बंद पडलेल्या कारखान्यातला.
रात्री तीन वाजता त्याची सुई उठायची,
दोनशेवीस कुठलं, एकशेसाठ,
आणि लगेच खाली सरकायला लागायची.
हा शोघिकचा हीटर, वार्पेत म्हणायचा.
ही वरच्यांची इस्त्री.
हे कोणीतरी पाव भाजतंय.
एकशेवीसवर सुई थरथरायची
आणि अख्खी गल्ली जागी आहे हे आम्हाला
खिडकी न उघडता कळायचं.
काच नखाने टिचकायची मी,
कारण टेकूला घासून सुई कधी कधी खोटं बोलते.
सुईखाली आरशाची पट्टी असते:
सुईने आपलंच प्रतिबिंब झाकलं
म्हणजे आपण समोरून बघतोय.

उरलेले तेवीस तास एकच यंत्र कामाचं.
ओहममीटर.
याला लाइनमधली वीज चालत नाही, असली तर जळतो.
पोटात स्वतःचा सेल घेऊन हिंडतो,
प्रश्न स्वतःच्या खिशातून विचारतो.
त्याचं शून्य उजवीकडे.
डावीकडे आकडे एकमेकांच्या पाठीला पाठ लावून,
पावाच्या रांगेसारखे,
आणि रांगेच्या टोकाला अनंत:
म्हणजे तार तुटलेली.
विचारण्याआधी दोन्ही टोकं एकमेकांना लावायची,
बटण फिरवून सुई शून्यावर आणायची.
सेल म्हातारा होतो, रोज थोडा.

फेब्रुवारीत ह्रांत आला, हातात हीटरची कॉइल.
घरी पाच आठवड्यांचं मूल.
आज वीज येईल म्हणतात, तो म्हणाला,
तसं रोजच म्हणायचे.
वार्पेतचे डोळे तेव्हा धूसर झाले होते,
त्याने कॉइल माझ्याकडे सरकवली.

मेणबत्ती संपलेली. काड्यापेटीत सहा काड्या.
पहिल्या काडीत: अनंत.
अंधारात बोटांनी वळणं चाचपली,
एका ठिकाणी तार टोचली.
टोकं खरवडली, पिळली, चिमट्याने दाबली.
दुसऱ्या काडीत सुई हलली आणि परत गेली.
पुन्हा दाबली.
तिसऱ्या काडीत ती उजवीकडे झुकली,
आणि आकडा लागायच्या आत
माझं बोट भाजलं.

"किती?" वार्पेतने विचारलं.
"चाळीस."
"पाहिलंस, की हवं होतं म्हणून?"

ह्रांत टोपी घालून उभाच होता.
पेटीत तीन काड्या,
त्यातली एक उद्याच्या शेगडीची.

मी चौथी ओढली.