लाभ

दस्तगीरचं पोतं पहिल्यांदा घसरलं ते माघात,
सांगलीच्या यार्डात नवी हळद उतरत होती तेव्हा.
हमाल हसले. तोही हसला.
मी काट्यावर होतो. वजन लिहून घेतलं.

मग चहाचा कप सुटला.
मग सदऱ्याची गुंडी :
पाच बोटं एका काजाशी भांडत बसायची.
चालताना म्हणायचा, तोलार,
पायाखाली फरशी नाही, कापूस आहे.

मिरजेत डॉक्टरीणबाईंनी
त्याच्या मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली,
अंगठा उगाच दचकला.
फोटोत त्याची मान दिसली : करडी,
एकावर एक थप्पी लावलेली, आपल्या गोदामासारखी,
मधली दोन पोती फुगून मागच्या बोळात आलेली,
आणि बोळातली दोरी दबलेली.

"गळ्यापुढून जाऊ. झिजलेल्या चकत्या काढू,
दोरी मोकळी करू, पट्टी बसवू, सहा स्क्रू.
गेलेलं परत येईलच असं नाही.
राहिलंय ते राखायचं."

आमच्याकडं भाव रुमालाखाली ठरायचे.
बाई उघड्यावर बोलल्या.

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडलं :
साठ किलोचं पोतं, दिवसाला दीडशे,
सत्तावीस हंगाम…
पाव किलोची तूट धरणारा माणूस मी,
हे वजन कुठल्याच पावतीवर नव्हतं.

भूल देणाऱ्यानं नखं बघून विचारलं, कावीळ होती का?
"हळद आहे," शमशाद म्हणाली. "जात नाही ती."

चार तासांनी सिस्टर बाहेर आली :
तुमचा माणूस एक म्हणतच नाही हो,
मोजा म्हटलं तर लाभ, दोन, तीन,
आणि झोपला.
मी सांगितलं, पहिल्या मापाला
एक म्हणायचं नसतं.

आता गळ्याला कॉलर. आवाज बसलेला,
जात्यात खडा आल्यासारखा.
मान खाली घालता येत नाही,
म्हणून अडत्याकडंसुद्धा सरळ बघतो.
पोतं पुन्हा उचलायचं नाही, हे त्याला कळलंय.
मला कुणी विचारलेलं नाही.

काल काट्याशेजारी बसून गुंडी लावत होता.
शमशादनं हात पुढं केला, मागं घेतला.
मी वजनं पुसत राहिलो, पुसलेलीच.

लागली.

"लाभ," तो म्हणाला,
आणि बोटं चाचपत
खालच्या काजाकडं निघाली.