घट

ओली साल तोलायची नाही, हा सेठचा पहिला नियम.
ओल्या सालीत झाडाचं पाणी असते,
पाण्याचे पैसे कोण देते बापा.

म्हणून कोरचीच्या गोदामामागं
पत्र्यावर पसरतो आम्ही मैदालकडीची साल.
चार दिवसांत ती आत वळते
म्हाताऱ्याच्या बोटांसारखी,
शंभर किलोची साठ होते.
उरलेल्या चाळिसापुढं मी वहीत लिहितो :
घट.

माल कुठं जाते?
ड्रायव्हर म्हणते, रायपूर.
अन् रायपूरहून?
एकदा म्हणाला, जहाजानं चीनला.
तिकडले वैद्यही साली उकळतात म्हणे,
भिंतभर लाकडी कप्पे,
कप्प्या-कप्प्यावर झाडाचं नाव.
दुसऱ्यांदा म्हणाला, अगरबत्तीच्या कारखान्यात.
तिसऱ्यांदा, मले का मालूम, मी डिझेल पाहतो.

मी चीनच धरून चाललो.
कुणाच्या तरी हाडाले लागत असंल
असं म्हटलं की पोतं जरा हलकं होते.

माझं डावं मनगट
फागू हलामीनं बसवलं, मी सातवीत असताना.
आधी बैलाचं बोलत राहिला,
कितीचा घेतला, शिंगं कशी,
आणि मधेच ओढलं.
मग वाटलेली साल, कोमट,
बेडकाच्या अंगासारखी बुळबुळीत,
वर बांबूच्या कामट्या, आईच्या लुगड्याची चिंधी.
एकवीस दिवस.
पैसे नाही. एक कोंबडी,
तीही हाड जुळल्यावर.

तो साल काढायचा उगवतीच्या अंगानं,
पंजाएवढी,
अन् उघड्या जागी शेणमाती लिंपून म्हणायचा,
तू बी बरा हो.
सेठची माणसं कोयता घेऊन गोल फिरतात.
झाड तरी उभंच असते वर्षभर,
त्याले समजायले वेळ लागते.

परवा फागू आला गोदामात,
गुडघ्यापर्यंत पाय धुळीनं पांढरे.
एका पोरीचं कोपर निखळलं, म्हणाला,
तीन डोंगर फिरलो,
एक सालीचं झाड दिसंना.
इथं असंल.

चारी बाजूनं पोती, छतापर्यंत.
सेठ म्हणाला, चिल्लर विक्री नाही.

फागू काही बोलला नाही.
पोत्यापोत्याले हात लावत गेला
बाजारात बैल पाहावा तसा.
एकाजवळ थांबला, वास घेतला.
हा नाल्याकाठचा, म्हणाला.
ह्याच्यानंच तुझा हात जुळला.

सेठ जेवायले गेला तेव्हा
मी पंजाएवढी साल काट्यावर ठेवली,
सवयीनं.
क्विंटलचा काटा तो,
हललासुद्धा नाही.
वहीत मात्र त्या दिवशीची घट
एक्केचाळीस लिहिली.

किती झाले, त्यानं विचारलं.
कोंबडी, म्हटलं, हाड जुळल्यावर.

तो हसला नाही.
साल पंचात बांधली,
दारात माझं मनगट धरून
दोन बोटांनी दाबून पाहिलं.
थंडीत दुखते का?

थंडीत नाही, म्हटलं.
पोतं उचलताना.