वरची फळी

फळ्या चार. तीन सागाच्या, एक आंब्याची.
सागाच्या आमच्या मोडलेल्या बंडीच्याच,
दोन उन्हाळे गोठ्यामागे पडून राखेच्या रंगाला गेलेल्या.
चौथी कमी पडली तेव्हा गोपीनाथ वाढई म्हणाला,
‘हा आंबा घे. रंग मारला का कोनाले समजते?’

मूलच्या दुकानात रंगाचा डबा साडेचारशेचा.
झाकणावर अक्रोड काढलेला.
अक्रोडाचं झाड मी पाहिलेलं नाही.
डबा जागच्या जागी ठेवला, पॉलिश पेपरचे चार ताव घेतले
आणि निघालो.

हिरडा मात्र पाहिलेला आहे.
तळ्यापलीकडे झाडाखाली सडा असतो, कोणी मोजत नाही.
हिरडे उकळून ठेवले एका भांड्यात.
दुसरीकडे फुटक्या काठाचा माठ, चिंचेचं पाणी,
त्यात बंडीचेच गंजके खिळे, वर एक मोडका विळा.
आठ दिवसांत ते पाणी असं झालं
की कोंबडीसुद्धा वाकून बघेना.

शकुन तेव्हा खम्ममकडे होती, मिरची तोडायला.
गावातल्या अकरा बायका एका गाडीत गेल्या.
रात्री फोनवर खोकता खोकता विचारायची,
‘आल्यावर डबे कायच्यावर ठेवू, इटायवर?’
मी म्हणायचो, होईल.
घरकुलावर छत पडल्यापासून सात वर्षं
मी होईल म्हणतो आहे.
फळ्या घासल्या त्यासुद्धा तिने जायच्या आधी
डोक्याशी उभं राहून घासून घेतल्या.

हिरड्याचं पाणी फडक्याने फिरवलं.
काही झालं नाही. फळी ओली झाली, इतकंच.
वाळू दिली. मग माठातलं पाणी.

आणि फडक्याच्या मागोमाग लाकूड काळवंडत आलं,
ढगाची सावली बांध्यांवरून सरकत यावी तसं.
मी हात थांबवला तरी ते चालूच राहिलं.
शेजारचा दहावीतला उत्कर्ष सायकल टेकवून म्हणाला,
‘काका, ही केमिस्ट्री आहे.’
मी म्हटलं, फुकटची आहे, पाहून घे.

आंब्याने रंग नीट घेतला नाही.
इथे धुरकट, तिथे पांढुरका, मध्येच डबकं साचल्यासारखा.
दुसरा हात. तिसरा हात.
समजते, गोपीनाथ. आंधळ्यालाही समजते.

तिसऱ्या सागाच्या फळीवर एका जागी रंग बसेना.
पाणी थेंब थेंब होऊन बाजूला जमायचं.
पॉलिश पेपर उचलला, दोन-चार हात ओढले,
तेव्हा दिसलं की ती बोटं आहेत.
तीन पूर्ण. करंगळी अर्धी.
अंगठा मी नुकताच घासून टाकलेला.

जायच्या आदल्या रात्री ती वाटेसाठी पुऱ्या तळत होती.
मध्येच उठून, भिंतीला लावलेल्या फळीवर तेलकट हात टेकून
डबे मोजले होते तिने: तांदूळ, मीठ, हळद, लाखोळीची डाळ.
पाठीमागे पुरी जळली, तिचा दोष मला.

कागद हातात धरून मी किती वेळ बसलो, माहीत नाही.
अंगठ्याची जागा तेवढ्यात काळी होऊन गेली.
शेवटी जवसाचं तेल कोमट केलं
आणि चारही फळ्यांना चोळलं, बोटांनाही.
तेलावर तेल.

शिमग्याच्या चार दिवस आधी ती उतरली,
मजुरीच्या मिरचीची दोन पोती, सुजलेली बोटं.
हात धुतले. परत धुतले. मिरची जात नाही.
मग फळ्यांपुढे उभी राहून सगळ्यात खालच्या आंब्याकडे बघत म्हणाली,
‘हे एक येगळीच दिसते.’

मी वरच्या फळीकडे बोट दाखवलं.
तिच्या खांद्याइतक्याच उंचीला ठोकली होती.
तिने आपला हात त्या जागेवर नेला,
टेकवला नाही, नुसता वर धरला.
‘घासून काहून नाही काढलं?’

मी काही बोलायच्या आत
लाखोळीचा मोठा डबा उचलून
तिने नेमका तिथेच ठेवला.