दांडीकाटा

नेल्सन स्ट्रीटवरच्या त्या दुकानात शिरलो तेव्हा
माझ्या पेटीत होती कौन्सिलची वजनं,
मखमलीत झोपवलेली,
घाम लागू नये म्हणून चिमट्यानं उचलायची.
आणि कोपऱ्यात एक गुंज.
ती कौन्सिलची नव्हे.
बाबांच्या ताजव्याबरोबरची, कराडहून आलेली,
अंगभर लाल, डोक्यावर काळा ठिपका.

मिसेस मोक यांचा इलेक्ट्रॉनिक काटा
दोन ग्रॅम जास्त दाखवत होता.
मी अहवालात लिहिलं.
मापात पाप, असं आमच्याकडे म्हणतात,
ते मात्र लिहिलं नाही.
त्या लिव्हरपुली हेल काढत म्हणाल्या,
"दोनच ना, लव्ह? माझे गुडघे याहून जास्त चुकतात,"
आणि खालच्या खणातून सासऱ्यांचा काटा काढला:
हाडाची बारीक दांडी, एकच पारडं,
दोऱ्याला टांगलेलं पितळी वजन, सुपारीएवढं.

"व्यापाराला चालणार नाही हा," मी म्हणालो.
"व्यापार कोण करतंय!"
आणि पारड्यात मूठभर ज्येष्ठमध टाकला.

दांडी कलली.
त्यांनी वजनाचा दोरा बोटानं सरकवला,
थोडा, अजून थोडा, जरासा मागे,
आणि दांडी आडवी झाली
झोपेत कूस सापडावी तशी.

मी आयुष्यभर दोन पारड्यांचा माणूस.
इकडे एक किलो, तिकडे एक किलो,
मध्ये काटा नाकासमोर.
श्रीपादशीही हिशेब तसाच मांडलेला:
आईच्या रात्री त्याच्याकडे,
पैसे माझ्याकडे.
दर महिन्याच्या पाच तारखेला पारडी सारखी.
फोनवर तो तक्रार करत नाही,
फक्त "बरं" म्हणतो.
त्या "बरं"एवढं वजन माझ्या पेटीत नाही.

"यात मध्य मध्ये नसतो," मिसेस मोक सांगत होत्या,
"जसं ओझं तशी वजनाची जागा, आज इथे, उद्या तिथे.
सासरे म्हणायचे,
यिन म्हणजे डोंगराची सावलीकडली बाजू,
यांग म्हणजे उन्हाकडली.
डोंगर काही दोन नसतात.
आणि संध्याकाळपर्यंत थांबलात
तर तेवढंही खरं राहत नाही."
मग चहा ओतला. कप जरा गळका होता.

मी वजन दांडीच्या टोकाला नेऊन पाहिलं.
लांब गेलं की सुपारीएवढं पितळ
केवढं ओझं तोलून धरतं!
क्षणभर हायसं वाटलं:
सात हजार किलोमीटर, म्हणजे मी तर पुरून उरलो.
मग दिसली ती गाठ, जिच्यावर दांडी टांगलेली.
सगळा भार तिच्यावर.
पारड्याचा, आणि माझ्या पितळाचासुद्धा.
पहाटे तीनला चादर बदलणारी गाठ.

"आणि हे काय?" त्यांनी गुंज उचलली होती.
"सोनं तोलायचं बी. विषारी असतं."
त्यांनी ती खिडकीपाशी धरली.
"काळं लालात शिरतंय, की लाल काळ्यातून निघतंय?"
मला ठाऊक नव्हतं.
बाबांच्या दुकानात एक गुंज म्हणजे एक गुंज.

इलेक्ट्रॉनिक काटा दुरुस्त करून घेतला, चिकटपट्टी लावली.
"आता हा किती दिवस बरोबर राहील?"
"पुढच्या तपासणीपर्यंत."
त्या खोकला लागेपर्यंत हसल्या.

पिअर हेडला पोचलो तेव्हा चार वाजले होते.
कराडात रात्रीचे साडेनऊ.
"श्रीपाद, मार्चमध्ये येतोय. दीड महिना आईजवळ मी.
तू कुठेतरी जाऊन ये."
पलीकडे भांड्याचा आवाज, मग पंख्याचा.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
"कुठे जाऊ?"

मर्सीचं पाणी तेवढ्यात चढायचं थांबलं होतं,
उतरायला अजून लागलं नव्हतं.