रात्री दोनचं पाणी

आईचा आवाज नळाच्या खांबापासून
थेट बोरकुट्यांच्या गोठ्यापर्यंत जायचा.
"काहून वं पोट्टे, अजून आंग नाई धुतलं?"
आणि ज्यांचा काही संबंध नव्हता अशा
गल्लीतल्या आणखी दोन पोरी
न्हाणीकडे पळायच्या.

बाबा, म्हणजे गुणवंत वाइंडिंगवाले,
दिवसभर तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसायचे.
ओठ हलायचे, आवाज नाही.
एक वेढा चुकला की सगळं उलगडून पहिल्यापासून.
कुणी विचारलं, "मोटर कधी देता?"
तर फळीवरची दुसरी काढून हातात ठेवायचे,
तात्पुरती वापरायला.
हेच उत्तर.

सहामाहीला गणितात अकरा मिळाले
तेव्हा आई ओट्यावर उभी राहून ओरडली, रडली,
लाटणं फेकलं,
नेम मुद्दाम चुकवून, हे फार नंतर कळलं.
बाबांनी प्रगतिपुस्तकावर सही केली,
पेनाला टोपण लावलं
आणि दुकानात गेले.
मला त्या टोपणाचा आवाज अजून येतो.
लाटण्याचा येत नाही.

मे महिन्यात गाव तव्यावर असायचं.
रात्री दोनला कुणीतरी कूलरमध्ये पाणी ओतायचं,
बादलीची कड पत्र्याला लागू न देता.
अर्धवट झोपेत ओल्या वाळ्याचा वास यायचा.
मी ठरवून टाकलं होतं,
प्रेम असं असतं, बाबांसारखं, न बोलता.
आणि आई म्हणजे नुसता भोंगा.

मग मला निहार झाला.
माझ्या पोटचा, पण बाबांच्या मातीचा.
शाळेतून येतो, दप्तर ठेवतो,
उंबरठ्यावर बसून मुंगळे बघतो.
काय झालं शाळेत? काही नाही.
डबा संपवला? मान.
कुणी मारलं का तुला?
मुंगळे.
आणि माझ्या गळ्यातून, न बोलावता,
आई निघते, पूर्ण आवाजात,
तीन गावं ओलांडून.
तो कानावर हात ठेवत नाही.
डोळे मिटतो.
ते जास्त लागतं.

परवा फोनवर विचारलंच तिला,
तू अशी का होतीस गं?
ती चक्क थांबली.
मागे कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.
"तुया बापाले कोनाले नाई म्हनता येत नोतं, बाई.
उधारी मागाले मी. मास्तरसंग भांडाले मी.
तुले रागवाले बी मीच.
थो चांगला रायला, कारन मी वाईट झाली.
आन कूलरचं काय सांगतं मले?
उन्हायात लोकायच्या मोटरी जयत,
थो रातभर दुकानात तार मोजे.
पानी मी भरो.
बोलाचं तं दिवसाच सरून जाये माह्यं."

आज मी निहारशेजारी उंबरठ्यावर बसले.
मला जमत नाही ते, खरं सांगते.
दातांमागे जीभ तापत गेली,
जळायच्या आधी वाइंडिंग तापतं तशी.
मुंगळ्यांनी तुरीचं एक फोलपट
अर्धं अंगण ओढत नेलं.
मग तोच म्हणाला,
"आई, तुले बरं नाई का?"

"बरं आहे रे!"
हे मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले
की समोरून ढोकण्यांची म्हातारी ओरडली,
"कोन गेलं वं?"

निहार हसला.
आवाज नाही, नुसते खांदे हलले.