चामोटं

हे ड्रागित्सानं शिवलं. कार्स्टच्या पठारावरची जीनगरीण.
घोडे गेले तरी तिचे हात गेले नव्हते.
घोड्याच्या पुठ्ठ्याचं कातडं, वर पितळेची कडी,
मागच्या अंगाला तागाचा पट्टा,
मुठीजवळ मेणदोऱ्याचे चौदा टाके,
त्यातला नववा तिरका.
मी त्यावर बोट ठेवलं, तर म्हणाली,
"तेवढा माझा."

पैसे मोजून घेतले, मग माझा हात धरला
आणि उलटासुलटा करून पाहिला,
खूर बघावा तसा.
"तेल लावू नकोस. रोज सकाळी तळव्यानं चोळ.
तेलकट आहे हात तुझा. पुरेल."

एकतीस वर्षं पुरला.

पहिल्याच आठवड्यात मी ते कापलं.
वस्तरा पाठीवर वळवायचा असतो,
बाप शंभरदा सांगून गेला होता:
जाताना पाठ पुढे, येताना पाठ पुढे,
धार मागून येते,
उशिरा उठलेल्या पोरासारखी.
मी घाईत होतो. पोर आधी धावलं.
काप अजून आहे, नखाएवढा.

बोरा सुटला की कातडं कोरडं पडतं, टणक वाजतं.
दक्षिणेचा ओला वारा आला की जिभेसारखं मऊ.
त्रिएस्तेची हवा मला
खिडकी उघडण्याआधी कळते.

मग पालिकेचा कागद आला.
एका गिऱ्हाईकाला एक पातं; वापरा, फेका.
कागदाचं बरोबर आहे, रक्ताचा मामला आहे,
मी भांडलो नाही.
अर्धं पातं मोडायचं, मुठीत सरकवायचं,
दाढी झाली की पिवळ्या डब्यात.
टिक. एवढाच आवाज.
चामोटं खिळ्यावर राहिलं.
कुणी विचारी, विकता का?
एका बाईनं त्याचा फोटो काढला, माझा नाही.

आणि दर गुरुवारी एर्मेते वास्कोत्तो.
बंदराचा पायलट होता, परकी जहाजं आत आणायचा.
काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले.
भाचीच्या दंडाला धरून येतो,
खुर्चीचा हात चाचपतो, मान मागे टाकतो
आणि थांबतो.

पहिल्या गुरुवारी मला कळेना, कशासाठी.
मग मी खणातून बापाचा वस्तरा काढला,
झिजून झिजून बोटभर उरलेला,
मूठ ताणून धरली.
सप्... सप्.
तागावर वीस, कातड्यावर चाळीस,
काप चुकवून.
त्याच्या जबड्याची गाठ सुटत गेली,
खांदे खाली आले.
वस्तरा मिटून खणात,
आणि हळूच अर्धं पातं मोडलं.
मोडताना खोकलो.

सात वर्षं खोकतोय.

गेल्या गुरुवारी, मी साबण पुसत असताना म्हणाला,
"झोर्को, औषध घे त्या खोकल्यावर.
बरोबर चाळिसाव्या हातानंतरच येतो."

मी तुरटी फिरवली. दोनदा फिरवली.
बाहेर भाची फोनवर कुणाशी तरी
पार्किंगच्या दंडावरून भांडत होती.
तो उठला, भिंत चाचपत गेला.
सापडलं त्याला. अंगठा कडीपासून खाली आणला,
सावकाश, खोली मोजल्यासारखा,
आणि कापाशी थांबवला.

"हा कुणी केला?"
"मीच. नवीन होतं तेव्हा."
"मीही एकदा धक्क्याला घासलं होतं," म्हणाला.
"ग्रीक जहाज. संत्री होती भरलेली.
आठवडाभर अख्ख्या बंदराला वास."

मग टोपी मागितली,
आणि पैसे देताना नेहमीसारखा
नोटेचा कोपरा दोनदा चोळून पाहिला.