पातं उचलावं लागतं

साडेतीनला उठायची सवय मला आहे, तिला नाही.
तरी मी बाहेर आलो तेव्हा हेल्मी गाडीत बसलेली,
केस विंचरलेले, आतला दिवा बंद.
आमच्याकडे एप्रिलातही कुंपणाइतका बर्फ उभा असतो.
तो सारायची गाडी चालवतो मी,
एकवीस हिवाळे झाले.

नऊ तास दक्षिणेला.
मोठा पूल ओलांडला, रस्त्याच्या कडा काळ्या झाल्या,
मग तपकिरी, आणि ओहायोत शिरल्यावर हिरव्या.
मी म्हटलं, बघ, गवत.
ती म्हणाली, दिसतंय बाबा.

कॉलेज दाखवायला आलेली पोरगी उलटी चालत होती.
खरंच. तोंड आमच्याकडे, पाठ रस्त्याकडे,
पायऱ्या, फरशीची वर आलेली कड, ओकचं मूळ,
सगळं तिच्या टाचांना पाठ.
आम्ही चौदा आईबाप तिच्या मागून,
म्हणजे समोरून, चालत राहिलो.
मला गाडी मागे घ्यायला दोन आरसे लागतात,
आणि भोंगा.

छातीवरची नावाची चिठ्ठी तिने 'हेली' अशी वाचली.
आणि माझी मुलगी, जी शाळेत प्रत्येक नव्या मास्तरांना
हे नाव तीन-तीनदा दुरुस्त करून सांगायची,
(माझ्या आत्याचं नाव, जिने एकटीने
अठरा गाई सांभाळल्या),
काही बोलली नाही.
मी तोंड उघडलं.
तिने माझ्या बाहीला नुसतं बोट लावलं.
मिटलं.

जेवणाच्या दालनात अकरा प्रकारचं सिरियल,
नळ फिरवला की वाडग्यात पडतं.
राहायच्या खोलीत दोन पलंग, एक खिडकी.
मी हीटरला हात लावला. गार.
तरी वाकून मागची नळी पाहिली.
सगळे दारात माझ्यासाठी थांबले होते.

तिच्या आईने कागदावर तीन प्रश्न दिले होते.
शिष्यवृत्ती चारही वर्षं टिकते का,
रात्री आजारी पडलं तर कोण असतं,
आणि तिसरा वाचताच येईना,
रात्रपाळीवरून आल्यावर लिहिलेला.
'कुणाला काही विचारायचंय?'
मी हात वर केला आणि म्हणालो,
इथे बर्फ किती पडतो?
'कधीकधी चक्क फूटभर!' तिने डोळे मोठे केले.
मी हसलो, जरा जास्तच मोठ्याने.
हेल्मी भिंतीवरचा नकाशा वाचायला लागली.

मग तिने विचारलं. प्रयोगशाळेत.
तळ्याच्या तळातल्या गाळाबद्दल,
नळी किती खोल जाते, किती जुनं वर येतं,
पहिल्या वर्षाच्या मुलांना हात लावू देतात का.
दाढीवाला प्राध्यापक डबा बाजूला ठेवून उठला,
चिरलेली नळी आडवी धरून दाखवली,
एकेक रेघ, एकेक हिवाळा.
तिचा तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.
घरी ती 'हं' म्हणते.
मी जन्मभर वरचा थर सारत आलो,
खाली काय साठतं हे विचारायचं
मला कधी सुचलं नाही.

फीच्या कागदाला मी चार घड्या घातल्या.
आकडा तेवढाच राहिला.

परतीला ती चालवायला बसली.
पूल आला तेव्हा अंधार, वारा आडवा,
चाकांखाली लोखंडी जाळी घुमायला लागली.
ती पुढे झुकलेली, दोन्ही हात चाकावर.
'तिथे सगळे मला हेली म्हणतील?'
तू सांगितलंस तर नाही म्हणणार.
'सांगेन. आज नव्हतं सांगायचं.'
बरं, म्हटलं.

पुलांना सांधे असतात.
पातं टेकलेलं राहिलं तर सांध्यात अडकतं,
गाडीचंही नुकसान, पुलाचंही.
म्हणून सांधा आला की पातं उचलावं लागतं,
फार नाही, दोन बोटं,
आणि पुढे गेल्यावर पुन्हा टेकवायचं.
माझा हात
नसलेला दांडा ओढत होता,
वर, खाली, वर.

टोलनाक्यावर तिने सुट्ट्यांसाठी तळवा पुढे केला,
माझ्याकडे न बघता.
माझा हात अजून वरच होता.